‘कोणताही प्लॉटर घ्या, सगळे सारखेच’ हे खरं नाही

रेडियमचं दुकान टाकायच्या विचारात असलेल्या पोरांच्या मोबाईलवर सध्या एक मेसेज फिरतोय. महिन्याभरात तो मला चार जणांनी पाठवला आणि चौघांनीही खाली एकच विचारलं, “दादा, हे खरं का?” मेसेज थोडक्यात असा: कटिंग प्लॉटर, म्हणजे स्टिकरच्या मालातून अक्षरं कापणारं मशीन, आतून सगळे सारखेच, म्हणून २४ इंचीतला सगळ्यात स्वस्त घ्या. फक्त ग्रॅम (ब्लेडचा जोर) जास्त आहेत का ते बघा. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करा, कट द्या, काम झालं. स्टिकर, टी-शर्ट, अ‍ॅक्रिलिक सगळं एकाच मशीनवर निघतं. आणि नंबर प्लेटच्या कामावर तीन महिन्यांत पैसे वसूल.

कराडला माझं पाट्यांचं दुकान आहे. घरातलं सोनं गहाण टाकून मशीन घेतलेली पोरं मी पाहिली आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो. आधी नंबर प्लेट, कारण सगळा हिशेब तिच्यावरच उभा केलाय.

१ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागूनच येते. त्याआधीच्या गाड्यांनाही महाराष्ट्रात ती सक्तीची केली. मुदत पुन्हा पुन्हा वाढली, सक्ती मात्र उठली नाही. ही प्लेट अ‍ॅल्युमिनियमची असते, तिच्यावर क्रोमियमचा होलोग्राम असतो, लेझरनं कोरलेला क्रमांक असतो आणि तो त्या गाडीच्या नोंदणीशी जोडलेला असतो. नेमलेल्या उत्पादकाशिवाय ती कुणाला बनवता येत नाही. एकेकाळी आमचं दुकान नंबर प्लेटवर चालायचं हे खरं, पण ते काम आता गेलं. ते धरून कुणी तुम्हाला हप्त्याचं गणित मांडून देत असेल, तर ते गणितच चुकलेलं आहे.

काम उरलंय ते वेगळं. दुकानांच्या काचा, ऑफिसच्या केबिनला फ्रॉस्टेड फिल्म, टेम्पोची दारं, गळीत हंगामाच्या तोंडावर ऊसाच्या ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर, गणपतीत मंडळांचे टी-शर्ट. आणि मराठी पाट्या. दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. कामगार कितीही कमी असले तरी पाटी देवनागरीत हवी आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत, असं ठरलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुकानदारांना त्यासाठी दोन महिने दिले होते. मशीन निवडताना हे काम डोळ्यासमोर ठेवा.

आता ‘सगळे सारखेच’. हुकूम समजण्याच्या बाबतीत सारखे, हे मान्य. बहुतेक सगळे एचपीजीएल ही जुनी प्लॉटरची भाषाच वाचतात. फरक पडतो तो रोल ओढण्यात. खाली खरखरीत लोखंडी रोलर आणि वरून दाबणारे पिंच रोलर, यांच्या मधून व्हिनाइल, म्हणजे कागदावर चिकटवलेला स्टिकरचा पातळ प्लास्टिकचा माल, पुढेमागे पळतं. दोन्ही बाजूंचा दाब सारखा नसेल तर प्रत्येक फेरीत ते केसभर तिरकं जातं. फूटभर स्टिकरमध्ये हे कळत नाही. माझ्या पहिल्या मशीनवर मी टेम्पोच्या बाजूचा दहा फुटी पट्टा कापायला लावला, तेव्हा शेवटच्या अक्षरापर्यंत ओळ बोटभर खाली उतरली होती. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, “तुम्ही रोल वाकडा लावलाय.” रोल सरळ होता. पुढे लागेल तेवढा माल आधीच सैल सोडून ठेवायचा हे मी नंतर शिकलो, त्यानं थोडं सुधारलं, पण मूळ दोष गेला नाही. लांब काम मी दोन-दोन फुटांचे तुकडे करून काढत राहिलो. प्रत्येक सांधा हातानं जुळवायचा.

म्हणून घेण्याआधी एक चाचणी करा. ब्लेड काढून त्या जागी पेन लावा आणि तीन मीटरची सरळ रेघ जाऊन-येऊन पाच वेळा मारायला लावा. पाचही रेघा एकावर एक बसल्या तर ओढ चांगली. फाटे फुटले तर किंमत कितीही कमी असू दे, घेऊ नका.

मोटरचा प्रश्नही आहेच. स्वस्त मशीनमध्ये स्टेपर मोटर असते. ती मोजून पावलं टाकते, पण पाऊल चुकलं तर ते तिला कळत नाही. सर्वो मोटरला स्वतःची जागा कळत राहते. आवाजातला फरक तर दुकानाच्या बाहेरूनच ऐकू येतो. सर्वो परवडत नसेल तर स्टेपरवरही पोट भरतं, मी भरलंय. पण लहान अक्षराच्या गोलाईवर पायऱ्या दिसतात का, हे भिंग लावून बघा.

ग्रॅमचं वेड सगळ्यात नुकसानीचं. ग्रॅम म्हणजे ब्लेड किती जोरानं दाबता येतं, तो जोर. साधं व्हिनाइल ६०-८० मायक्रॉन जाड असतं आणि धारदार ब्लेडला त्यासाठी शंभर ग्रॅमच्या आसपास पुरतात. पाचशे ग्रॅमचं मशीन घेऊन पोरं काय करतात, तर ब्लेड दोन मिलिमीटर बाहेर काढतात आणि जोर वाढवतात. मग खालचा कागद कापला जातो, सोलताना, म्हणजे अक्षरांभोवतीचं नको असलेलं व्हिनाइल काढताना, कागदासकट अक्षर वर येतं आणि ब्लेडखालच्या पट्टीत चर पडतो. त्या चरात पुढचं प्रत्येक काम बिघडतं. खरी पद्धत अशी: ब्लेडचा होल्डर हातात धरा, व्हिनाइलच्या तुकड्यावर पेनासारखी रेघ ओढा. वरचं व्हिनाइल कापलं जाऊन कागदावर नुसता ओरखडा उमटेल एवढंच टोक बाहेर हवं. नेहमीच्या मालाला ४५ अंशांचं ब्लेड, रिफ्लेक्टिव्हसारख्या जाड मालाला ६० अंशांचं. जाड मालाला जोर जास्त लागतो हे खरं, पण योग्य ब्लेड नसेल तर नुसता जोर उपयोगाचा नाही.

ग्रॅमपेक्षा ऑफसेट विचारा. ब्लेडचं टोक होल्डरच्या मध्यावर नसतं, साधारण पाव मिलिमीटर मागून फरपटत येतं. कोपऱ्यावर मशीन ते अंतर धरून वळतं. आकडा कमी पडला तर कोपरे गोल होतात, जास्त झाला तर कोपऱ्याला शिंग फुटतं.

‘कोरलमध्ये टाइप करा, कट द्या’ हे इंग्रजीला एक वेळ चालेल. देवनागरीला नाही. ‘महालक्ष्मी’ लिहिलं की पडद्यावर शिरोरेषा सलग दिसते, पण आत म, ह, ल आणि काने-वेलांट्या सुटे असतात, एकमेकांवर थोडे चढलेले. शाईला फरक पडत नाही, ब्लेडला पडतो. ते प्रत्येक आकाराची कड कापतं. शिरोरेषेवर प्रत्येक जोडाला उभे काप पडतात, सोलताना रेषेचे तुकडे होतात आणि काचेवर चिकटवल्यावर पाटी भेगाळलेली दिसते. मजकूर कर्व्ह करून (टाइप केलेल्या अक्षरांचे आकार बनवून) सगळं वेल्ड केल्याशिवाय, म्हणजे एकसंध जोडल्याशिवाय, कट देऊच नये. मशीनबरोबर मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेल्ड आहे का आणि युनिकोड मराठी त्यात नीट उमटते का, हे आधी बघून घ्या. काहींत जोडाक्षरं फुटून क नंतर हलंत, मग ष अशी दिसतात.

अनुस्वार तर परीक्षाच घेतो. पाच मिलिमीटरचं टिंब कापताना सुरुवात आणि शेवट जुळले नाहीत, तर सोलताना ते बाहेरच्या व्हिनाइलबरोबर उचललं जातं. ‘मंगल’चं ‘मगल’ होतं, आणि पाटी लागल्यावर ते पहिल्यांदा मालकाच्या म्हाताऱ्या वडिलांना दिसतं.

अ‍ॅक्रिलिक या मशीनवर कापलं जात नाही, एवढंच. त्याला लेझर कटर किंवा राउटर, म्हणजे फिरत्या पात्यानं कापणारं मशीन, लागतं. पण उलटी चूक कुणी करू नका: लेझर घेतला म्हणून त्यात व्हिनाइल घालू नका. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. जळलं की त्यातून हायड्रोजन क्लोराईड वायू सुटतो. तो छातीला घातक आहे आणि मशीनचे लोखंडी भागही गंजवतो.

मेसेजमधली २४ इंचाची गोष्ट मला पटते. सुरुवातीला तेवढी रुंदी पुरते आणि मालही त्या मापात सहज मिळतो. ज्यांना छापील स्टिकरच्या कडेनं कापायचंय, त्यांनी स्टिकरबरोबर छापलेल्या खुणा आपोआप वाचणारा सेन्सर असलेलंच घ्यावं. लाल दिव्यानं हातानं जुळवण्यात शंभर स्टिकरना दिवस जातो.

एक फुकटची गोष्ट: दुकानाचं अर्थिंग तपासून घ्या आणि यूएसबी केबल आखूड ठेवा. कोरड्या हवेत व्हिनाइल ओढताना स्थिर वीज तयार होते आणि मशीन मध्येच थांबतं. यापायी चांगली मशीन नादुरुस्त समजून परत गेलेली मी पाहिली आहेत.

विकणाऱ्याकडे जाताना तुमच्याकडचं व्हिनाइल न्या आणि पेनड्राइव्हमध्ये ‘श्री संत ज्ञानेश्वर किराणा भांडार’ एवढी ओळ, एक इंची अक्षरात. त्याच्या तयार फाईलवर समाधान मानू नका. हीच ओळ कापायला सांगा आणि तिथंच उभं राहून शेवटच्या टिंबापर्यंत स्वतः सोला.