शिक्षकांच्या पदवीप्रदान समारंभात पहिले काम नावांचे

आमच्याकडे बी.एड. आणि एम.एड.च्या पदवीप्रदान समारंभाची तयारी सुरू झाली की सर्वांत आधी समित्या नेमल्या जातात. मंडप, भोजन, पाहुणे, स्मृतिचिन्हे, प्रसिद्धी अशा सगळ्यांना समिती मिळते, आणि प्रत्येक समितीला निदान एक तरी उत्साही अध्यक्ष मिळतो. नावांची समिती मात्र मी अद्याप कुठे पाहिलेली नाही. पदवीधरांची यादी कार्यालयातून येते, आदल्या दिवशी सायंकाळी ती ज्याचा आवाज बरा आहे अशा प्राध्यापकाच्या हातात पडते आणि तो ती थेट व्यासपीठावरच पहिल्यांदा मोठ्याने वाचतो. माझे मत असे आहे की शिक्षणशास्त्राच्या महाविद्यालयात हा क्रम उलटा असला पाहिजे. नावे बरोबर लिहिणे, बरोबर छापून घेणे आणि बरोबर उच्चारणे हेच तयारीतले पहिले आणि सर्वाधिक वेळ घेणारे काम असावे. फुलांच्या कमानीचा विषय त्यानंतर निघाला तरी चालेल.

नाव चुकणे कोणत्याही विद्याशाखेत वाईटच. पण येथे पदवी घेणारी व्यक्ती उद्या एखाद्या शाळेत हजेरीपट घेऊन उभी राहणार आहे आणि प्रवेशाच्या वेळी मुलांची नावे जनरल रजिस्टरमध्ये लिहिणार आहे. त्या रजिस्टरमधली एक वेलांटी चुकली तर ती शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जाते, तेथून दहावीच्या गुणपत्रिकेवर जाते, आणि पुढे जात वैधता प्रमाणपत्राच्या वेळी वडिलांच्या दाखल्यावर एक आडनाव व मुलाच्या दाखल्यावर दुसरे असा घोळ घेऊन एखादे कुटुंब वर्षानुवर्षे चकरा मारत राहते. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर स्वतःचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम राहील. ही मुले २०३० च्या सुमारास पहिलीत येतील आणि त्यांची नावे लिहिणाऱ्यांत आज गाऊन घालून रांगेत उभे असलेले कितीतरी जण असतील. ज्यांच्या हातून हे काम व्हायचे, त्यांचेच नाव आपण चुकवून त्यांना निरोप द्यावा, हे मला पटत नाही.

चूक होते कोठे, हेही पाहण्यासारखे आहे. बहुतेक अर्ज ऑनलाइन आणि रोमन लिपीत भरले जातात, आणि देवनागरी नाव पुष्कळदा त्यावरून यंत्रानेच तयार केलेले असते. मग सुरगाण्याचा गावित ‘गवित’ होतो, देवळ्याचा आहेर ‘अहेर’ होतो, पिंगळ्यांचा ‘ळ’ जातो आणि ते ‘पिंगले’ होतात, काळे तर सरळ ‘काले’. विद्यार्थी घाईत मोबाइलवरच अर्ज ‘सबमिट’ करतो, कारण शेवटची तारीख असते आणि सर्व्हर चाललेला नसतो. पदवी छापून आल्यावर दुरुस्तीसाठी अर्ज, शुल्क, प्रतिज्ञापत्र आणि विद्यापीठाच्या खेपा असे प्रकरण सुरू होते. तेव्हा छपाईआधी देवनागरी यादी भिंतीवर लावावी, व्हॉट्सअॅप गटावर टाकावी आणि प्रत्येकाने आपल्या नावासमोर सही करावी, एवढे साधे पथ्य पाळले तरी बहुतेक चुका तेथेच थांबतील.

विवाहित विद्यार्थिनींचा प्रश्न वेगळा आणि अधिक अवघड आहे. बी.ए. माहेरच्या नावाने, बी.एड.चा प्रवेश सासरच्या, आधार तिसऱ्याच पद्धतीने, अशी उदाहरणे आपल्या भागात घरोघरी सापडतात. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा बी.एड. तर सेवेत असलेल्या शिक्षकांसाठीच आहे. त्यांतील अनेकजणी प्रपंच आणि शाळा सांभाळून पदवी घेतात आणि त्यांची मुले टाळ्या वाजवायला सभागृहात बसलेली असतात. १९८९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेतले. ती गंगा ज्या घरात पोहोचली त्या घरातल्या बाईला व्यासपीठावर कोणते नाव ऐकायचे आहे, हे तिलाच विचारले पाहिजे. छापील नाव नियमानुसारच राहील, हे मान्य. मात्र पुकारायचे नाव तिच्या पसंतीचे असायला कोणता नियम आडवा येतो?

आता उच्चाराविषयी. एका समारंभात मी पाहिले, की निवेदक एका आडनावापाशी अडखळले, कागद डोळ्यांजवळ नेला, आणि ‘यानंतरची विद्यार्थिनी’ एवढेच म्हणून मोकळे झाले. ती मुलगी वर आली, फोल्डर घेतले, छायाचित्र झाले. मागच्या रांगेत तिचे वडील खुर्चीवर उभे राहून मोबाइलवर चित्रण करत होते. त्या चित्रफितीत सगळे आहे, फक्त मुलीचे नाव नाही. आणि ते आडनाव अवघड मुळीच नव्हते; पेठ तालुक्यातल्या कोणत्याही शाळेच्या हजेरीपटात ते सापडेल.

यावर आपल्याच अभ्यासक्रमात उपाय आहे. आपण छात्राध्यापकांना सूक्ष्म अध्यापन, म्हणजे एकेका अध्यापन-कौशल्याचा छोटा सराव पाठ, शिकवतो: ६ मिनिटे अध्यापन, ६ मिनिटे प्रत्याभरण (फीडबॅक), १२ मिनिटे पुनर्नियोजन, ६ मिनिटे पुनरध्यापन आणि ६ मिनिटे पुन्हा प्रत्याभरण, असे एकूण ३६ मिनिटांचे चक्र. विषयप्रवेशापासून फलकलेखनापर्यंत प्रत्येक कौशल्याला हे चक्र लावणारे आपण नामवाचनाला ते का लावत नाही? प्रथम वर्षाच्या दोन-तीन छात्राध्यापकांकडे यादी सोपवावी, त्यांनी प्रत्येक पदवीधराकडून त्याचे नाव त्याच्याच तोंडून ऐकून घ्यावे, जेथे शंका वाटेल तेथे पेन्सिलीने खूण करावी आणि मग सहाध्यायांसमोर वाचून दाखवावे. निरीक्षण करणाऱ्याने पाठ निरीक्षणाच्या वहीत जसे शेरे लिहितो तसेच लिहावेत. मालेगावच्या मोमीन आणि अन्सारी, सुरगाण्याच्या भोये आणि महाले, नाशिकरोडला वाढलेल्या तमिळ किंवा सिंधी मुलांची नावे, हे सगळे उच्चारण्याचा सराव ज्याला येथे झाला, त्याला वर्गात पहिल्या दिवशी कमी अडेल.

वेळ जाईल, हा आक्षेप मला ठाऊक आहे. १०० पदवीधर धरले आणि प्रत्येकाला १५ सेकंद दिले, तर २५ मिनिटे होतात. प्रमुख पाहुण्यांचे एकच भाषण सहसा याहून लांबते. पाहुण्यांविषयी आदर आहेच, परंतु पाहुणे तासभर उशिरा आले की सर्वप्रथम कात्री नावांना लागते आणि ‘पदव्या कार्यालयातून घ्याव्यात’ अशी सूचना होते. तोपर्यंत सुरगाण्याकडच्या एसटीची वेळ झालेली असल्याने पालक पिशव्या उचलून निघालेले असतात. म्हणून माझा आग्रह असा, की दीपप्रज्वलनानंतर लगेच पदवीदान व्हावे आणि भाषणे त्यानंतर. सोफ्याच्या पहिल्या दोन रांगाही पालकांना द्याव्यात. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना समारंभ तिसऱ्या रांगेतूनही नीट दिसतो.

गाऊनबद्दल मी फार लिहीत नाही. २०१९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने समारंभासाठी हातमागाचे कापड वापरण्याची सूचना विद्यापीठांना केली होती. येवला आपल्याच जिल्ह्यात असून आपण अजून भाड्याच्या पॉलिस्टरमध्ये घामाघूम होतो, एवढेच नोंदवतो. हा विषय पोशाख समितीचा आहे आणि ती समिती अस्तित्वात आहे.

नावांच्या समितीचा प्रस्ताव मी पुढील बैठकीत लेखी देणार आहे. त्यात यादी तपासण्याचा दिवस, स्त्रियांच्या पुकारायच्या नावाचा एक वेगळा रकाना, नामवाचनाच्या दोन रंगीत तालमी आणि भाषणांआधी पदवीदान, इतकेच मुद्दे आहेत. खर्च जवळजवळ शून्य आहे. नाशिक, निफाड, मालेगाव किंवा अन्यत्र ज्यांच्या महाविद्यालयात असे काही आधीच होत असेल, त्यांनी आपली पद्धत येथे सविस्तर लिहावी, म्हणजे ती मला प्रस्तावाला जोडता येईल.