विहिरीचं पाणी नेलंत, निकाल कधी देणार?

मे महिन्यात एकदा आणि पावसाळा संपला की एकदा, एमएस्सी-पीएचडीची पोरं कॅन आणि बाटल्या घेऊन गावोगाव फिरतात. प्री-मान्सून, पोस्ट-मान्सून. कुणाच्या तरी बोअरवर बाटली भरतात, जागेचे अक्षांश-रेखांश टिपतात, त्याच घरचा चहा पितात आणि निघतात. पुढे ती बोअर प्रबंधात 'एस-१४' होते. सगळा तालुका मिळून एक वॉटर क्वालिटी इंडेक्स, म्हणजे पाण्याच्या दर्जाचा एकच आकडा, निघतो, पाण्यातल्या क्षारांची आकृती (पाइपर डायग्राम) छापली जाते, पदवी मिळते. प्रबंध इंग्रजीत. ज्यांनी चहा पाजला त्यांच्या हाती काहीच नाही.

बहिस्थ परीक्षक म्हणून तोंडी परीक्षेला गेलो की मी हमखास विचारतो, "या एस-१४ चं पाणी पितं कोण? त्यांना सांगितलंत?" एकाने शांतपणे उत्तर दिलं, "सर, ते ऑब्जेक्टिव्हमध्ये, म्हणजे संशोधनाच्या उद्दिष्टांत, नव्हतं." पोराचा राग नाही आला. ऑब्जेक्टिव्ह त्याने एकट्याने थोडेच ठरवले होते!

पाण्यातल्या फ्लोराइडचंच घ्या. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत हे दुखणं जुनं आहे. भारतीय मानकानुसार लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचं. ते दिसत नाही, त्याला वास नाही. उकळून जात नाही. उलट पाणी आटतं तसं प्रमाण वाढतं. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचाही उपयोग नाही, ती जंतूंसाठी. म्हणजे जी माउली लेकरांना रोज पाणी उकळून देते, तिचीही फसगतच. आणि कायमचे दात तयार होण्याच्या वयात पोटात गेलेल्या जास्तीच्या फ्लोराइडचे डाग पुढे घासून निघत नाहीत.

यातली खरी गोम वेगळीच आहे. खोल बोअरचं पाणी खडकात वर्षानुवर्षं मुरलेलं असतं, त्यामुळे त्यात फ्लोराइड जास्त उतरू शकतं. शेजारचीच उथळ विहीर मात्र अनेकदा बरी निघते. मग तालुक्याची सरासरी घेऊन गावकऱ्याने करायचं काय? त्याला हवं असतं एवढंच, की या बोअरचं पिऊ नका, त्या विहिरीचं चालेल. ही माहिती त्या पोराच्या एक्सेल शीटमध्ये असते आणि तिथेच राहते.

अमेरिकेतल्या फ्लिंट शहराचं उदाहरण मी वर्गात नेहमी देतो. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवायला शहराने पाण्याचा स्रोत बदलला आणि पाइप गंजू नयेत म्हणून लागणारी प्रक्रियाच केली नाही. शिसं नळात उतरलं. अधिकारी म्हणत होते, पाणी सुरक्षित आहे. २०१५ मध्ये व्हर्जिनिया टेकचे प्राध्यापक मार्क एडवर्ड्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नळाच्या पाण्याचे नमुने घेण्याची ३०० किट पाठवली. ती घरोघर वाटली तिथल्याच रहिवाशांनी. नमुना कसा घ्यायचा तेही नीट सांगितलं: नळ आधी सहा तास बंद ठेवायचा. सरकारी पद्धतीत तर आदल्या रात्री नळ वाहू द्यायला सांगत, म्हणजे बरंचसं शिसं आधीच वाहून जाणार! आकडे हाती आले तसे विद्यार्थ्यांनी ते लोकांना सांगितले, जाहीर केले, शोधनिबंध छापून येण्याची वाट पाहिली नाही. स्थानिक बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अटिशा यांनी मुलांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे मांडले आणि ऑक्टोबरमध्ये शहराला जुन्या स्रोताकडे परतावं लागलं.

आपल्याकडचे गाइड (प्रबंधाचे मार्गदर्शक) म्हणतात, गावात घबराट होईल, सरपंच भांडायला येईल. विद्यार्थ्याचं रीडिंग चुकलं तर? ही शेवटची शंका रास्त आहे. मग शंकास्पद नमुना पुन्हा घ्या, भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत ताडून पाहा. पण ज्या रीडिंगवर पदवी देता येते, ते गावाला सांगण्याइतकं पक्कं नाही, हा युक्तिवाद मला पटत नाही.

मी आमच्या विभागात एवढंच मागितलंय: प्रबंधासोबत प्रत्येक विहिरीसाठी मराठीत एक पान. वर मालकाचं नाव आणि तारीख, मग फ्लोराइड किती, नायट्रेट किती (मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम), प्यायला चालेल की फक्त धुण्याभांड्याला, आणि जवळची बरी विहीर कोणती. एक प्रत घरी, एक ग्रामपंचायतीत, एक आशाताईंकडे. त्यांची पोच जोडल्याशिवाय गाइडने सही करायची नाही. प्रस्ताव सध्या 'विचाराधीन' आहे. गाइड मंडळींनी कमेंटमध्ये जरूर भांडावं.