‘ए ग्रेड सांगून फिकं पेंडंट दिलं’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा दोन ताऱ्यांचा अभिप्राय वाचला. इतरांना संदर्भ कळावा म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. आमच्याकडे ३८,५०० रुपयांना घेतलेलं हिरव्या जेडाइटचं (जेड या रत्नाच्या एका प्रकाराचं) पेंडंट घरी नेल्यावर दुकानातल्यापेक्षा फिकं दिसतं. त्यात पांढरट ढग आहेत, कडेला एक रेघ आहे. टॅगवर मात्र ‘ए ग्रेड’ लिहिलेलं होतं. आणि बँकॉकच्या बाजारात तुम्हाला अख्खं कडं, तेही गडद आणि सगळीकडे सारखं हिरवं, तीन हजारांत मिळालं. म्हणून तुम्ही ‘लुबाडलं’ असं लिहिलंय.

यातल्या दोन गोष्टींत चूक आमची आहे. त्या आधी.

‘ए ग्रेड’ हे शब्द टॅगवर यायलाच नको होते. जेडाइटच्या धंद्यात ए, बी, सी ही अक्षरं दगडाची प्रत सांगत नाहीत, दगडावर काय केलंय ते सांगतात. ए म्हणजे दगड कापला, घासला, झिलई दिली, वरून मेणाचा हात फिरवला, बस्स. बी म्हणजे आम्लात ठेवून आतले तपकिरी डाग काढले आणि त्यामुळे कणांमध्ये झालेल्या फटींत राळेसारखं पारदर्शक पॉलिमर दाबून भरलं. सी म्हणजे रंगवलेला. आम्लात धुऊन, भरून आणि वर रंगवून आणलेला मालही बाजारात भरपूर फिरतो. आता यातली गोम अशी, की मळकट, राखाडी, अजिबात उजेड न घेणारा जेडाइटसुद्धा ‘ए’च असतो, कारण त्याला कुणी काही केलेलं नाही. ‘ए’ वाचून गिऱ्हाईक ‘पहिल्या प्रतीचा’ असं समजणार हे उघड आहे. तुम्ही तसं समजलात यात तुमचा दोष नाही. तुमचा दगड प्रक्रिया न केलेला आहे, रंगाने मधल्या प्रतीचा आहे आणि किंमतही मधल्या प्रतीचीच लावली होती. टॅगवर यातलं पहिलंच सांगितलं होतं, तेही चुकीच्या शब्दांत. आता टॅग बदलतोय: ‘जेडाइट, टाइप ए, प्रक्रिया नाही’ एका ओळीत आणि रंग, पारदर्शकता, पोत यांचा शेरा वेगळ्या ओळीत.

दुसरी चूक दिव्यांची. सोनं उठून दिसावं म्हणून आमच्या कपाटांत पिवळे दिवे आहेत. त्या उजेडात हिरवा जेडाइट भरलेला दिसतो आणि जांभळा गुलाबीकडे झुकतो. चिनी व्यापाऱ्यांत ‘दिव्याखाली जेड पाहू नये’ अशी म्हणच आहे. तुम्हाला आम्ही पेंडंट दारापाशी नेऊन दाखवायला हवं होतं. जेडाइटचा रंग सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान, खिडकीपाशी पण थेट ऊन न पडता, साध्या पांढऱ्या कागदावर ठेवून बघावा. मग हातभर लांब धरून बघावा. शेवटी ज्या रंगाच्या कपड्यावर घालायचा त्यावर ठेवून बघावा, आणि ही पायरी बहुतेक जण गाळतात. तुमच्या दगडासारखा अर्धपारदर्शक जेडाइट मागच्या गोष्टीचा रंग ओढून घेतो. पांढऱ्या स्टँडवर तो उजळतो, गर्द निळ्या किंवा काळ्या ब्लाउजवर तोच एक पायरी मंद होतो.

आता पांढरट ढगांबद्दल आणि फिकेपणाबद्दल. इथे आमचं मत तुमच्यापेक्षा वेगळं आहे.

जेडाइटला उत्तम हिरवा रंग येतो तो क्रोमियममुळे. लोहामुळे येणारा हिरवा जरा राखाडी, शेवाळी असतो. सगळ्यात महाग रंग शुद्ध हिरवा, फार तर किंचित पिवळ्याकडे किंवा निळ्याकडे कललेला, पण मध्यम गडद. इथेच लोक फसतात, कारण ‘जितका गडद तितका भारी’ हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. फार गडद जेडाइट संध्याकाळच्या उजेडात काळा दिसतो. मग तो उजळावा म्हणून कारागीर पाठीमागून पोखरून पातळ करतात, आणि असा पोखरलेला दगड मागून बंद कोंदणात बसवला की वरून काहीच कळत नाही. म्हणून जेडाइटचं पेंडंट किंवा अंगठी मागून उघडी असलेलीच घ्यावी. तुमचं पेंडंट मागून उघडं आहे. उलटं करून बघा, पाठ सपाट आणि भरीव दिसेल.

रंगाइतकंच महत्त्वाचं आहे ‘पाणी’. हिऱ्यामोत्यांच्या पाण्याबद्दल आपण बोलतो, तसं चिनी लोक जेडच्या पाण्याबद्दल बोलतात: उजेड दगडात किती आत शिरतो आणि आतून कसा परततो. जेडाइट हा एकसंध स्फटिक नसतो, एकमेकांत गुंतलेल्या असंख्य कणांचा तो गठ्ठा असतो. कण बारीक आणि घट्ट असतील तर उजेड आत जातो, झिलई काचेसारखी येते. कण जाड असतील तर तोच उजेड जागोजागी अडतो आणि दगड खडीसाखरेच्या खड्यासारखा धुरकट दिसतो. पेंडंट वर्तमानपत्राच्या जाड मथळ्यावर ठेवा. तुमच्या दगडाच्या पातळ कडेखालून अक्षराची काळी सावली दिसते, मधल्या भागात दिसत नाही. ही मधली पायरी. मात्र तुलना करायची तर सारख्या जाडीच्या दोन दगडांचीच करावी. दोन मिलिमीटरचा साधा दगडही सहा मिलिमीटरच्या चांगल्या दगडाला हरवतो.

ढग म्हणजे जिथे हिरवा रंग पोचला नाही तो भाग. त्यांनी भाव उतरतो, हे खरं, आणि तुमच्या किमतीत तो उतरवलेला आहे. सगळीकडे एकसारखा, गच्च हिरवा आणि वर आरपार पाणी असलेला जेडाइट किती दुर्मीळ असतो याचं टोकाचं उदाहरण म्हणजे हटन-म्दिवानी नावाची जेडाइटची माळ. नुसते २७ मणी. २०१४ साली सदबीजच्या हाँगकाँगमधल्या लिलावात ती सुमारे २ कोटी ७४ लाख डॉलरला गेली. कपाटातल्या दगडांशी तिची तुलना नको. पण ‘एकसारखा हिरवा’ हे शब्द तीन हजारांच्या मालाबद्दल वाचले की आमचे कान टवकारतात ते यामुळे.

कडेची रेघ तडा आहे की नुसती शीर, म्हणजे दगडातच असलेली न उघडलेली रेघ, हे घरीच कळेल. नख आडवं फिरवा. अडकलं तर उघडी चीर. नाही अडकलं तर खोली अंधारी करून मोबाइलचा टॉर्च बाजूने लावा. चिरेपाशी उजेड तुटतो आणि ती आरशासारखी चमकते. शिरेतून उजेड पलीकडे जातो, फक्त जरा धूसर होतो. देण्याआधी तपासली तेव्हा ती शीर होती. नख अडकलं तर लगेच परत आणा, तो दगड घालू नका. कड्यात मात्र रेघेची दिशाही बघावी लागते. आडवी, म्हणजे कड्याची जाडी कापत जाणारी चीर कडं मोडते. लांबीच्या दिशेने जाणारी तितकी धोक्याची नसते.

राहिलं बँकॉकचं कडं. ते न पाहता खोटं म्हणणार नाही. पण ते तुमच्याकडे आहे आणि त्यात धातू नाही, म्हणजे जे पेंडंटचं घरी करता येत नाही ते त्याचं करता येईल. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या. कडं कोरडं असताना वजन करा. मग काट्यावर कडं पूर्ण बुडेल एवढं पाणी भरलेलं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणा. कडं बारीक दोऱ्याने धरून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल तो कड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. पहिल्या वजनाला त्याने भागा, म्हणजे दगड पाण्याच्या किती पट जड आहे ते कळतं. समजा कोरडं वजन ५२.१० आणि दुसरा आकडा १५.६०, तर भागाकार ३.३४, म्हणजे जेडाइटशी जुळणारा. तेवढ्याच आकाराचं कडं रंगवलेल्या क्वार्ट्झाइटचं (क्वार्ट्झ म्हणजे गारेच्या कणांच्या दगडाचं) असेल तर कोरडं वजन ४१ ग्रॅमच्या आसपास भरेल आणि भागाकार २.६५ येईल. ‘मलेशिया जेड’ नावाने विकतात ते बहुतेक हेच, आणि आपल्याकडे ‘इंडियन जेड’ म्हणून मिळणारं ॲव्हेंच्युरीनही क्वार्ट्झच्याच कुळातलं. २.९५ आला तर नेफ्राइट. ते खरं जेडच, पण वेगळं खनिज. मुघलांचे जेडचे प्याले नेफ्राइटचे असत. १८६३ मध्ये दामूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने ही दोन वेगळी केली, तोवर दोन्हींना एकच नाव होतं. २.६ च्या खाली आला तर सर्पेंटाइन या जेडसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या दगडाची शक्यता जास्त.

यात चुका होतात त्या ठरलेल्या. कडं तळाला टेकलं की त्याचं वजनही काट्यावर येतं आणि भागाकार खाली घसरतो. पृष्ठभागाला चिकटलेले हवेचे बुडबुडेही आकडा बिघडवतात, म्हणून आधी साबणाच्या पाण्याने धुऊन घ्या. तीनदा करा. काचेवर ओरखडा काढून बघणं, गालाला गार लागतं का बघणं, यात वेळ घालवू नका. क्वार्ट्झही काच ओरखडतं आणि दगड सगळेच गार लागतात.

३.३ च्या आसपास आकडा आला तरी ‘बी’ची शंका उरतेच, कारण पॉलिमर भरल्याने वजनात पडणारा फरक फार थोडा असतो. तेव्हा दहापटीचं भिंग घ्या. रंगवलेल्या दगडात रंग कणांच्या मधल्या फटींत बारीक धाग्यांसारखा साचलेला दिसतो. नैसर्गिक रंग कणांच्या आतच असतो. उजेड तिरपा पाडून पृष्ठभाग बघितला तर आम्लाने खाल्लेल्या दगडावर कोळिष्टकासारखं जाळं दिसतं. कडं दोऱ्याला टांगून नाण्याने हलकेच वाजवा. ‘ए’ खणखणतं, ‘बी’ बद्द वाजतं. पण चीर असलेलं ‘ए’ही बद्दच वाजतं, त्यामुळे नुसत्या आवाजावर निकाल देऊ नये. अखेरचा निकाल प्रयोगशाळेतल्या इन्फ्रारेड (अवरक्त किरणांच्या) तपासणीचाच, पॉलिमर तिथे लपत नाही.

तुमच्या पेंडंटसाठी ती तपासणी आमच्या खर्चाने करून देऊ. प्रयोगशाळा तुम्ही निवडा. अहवालात तीन गोष्टी वाचा: ‘जेडाइट’ असं खनिजाचं नाव, रंग नैसर्गिक असल्याची नोंद, आणि पॉलिमर भरल्याची खूण नसल्याची नोंद. नुसतं ‘जेड’ लिहिलेला कागद कामाचा नाही. हिऱ्यासारखी जगभर एकच प्रतवारी जेडाइटला नाही, म्हणून रंगाचा क्रमांक त्यात सापडणार नाही. अहवालात प्रक्रिया निघाली तर सगळे पैसे परत. नाही निघाली तरी टॅग चुकीचा होता, तेव्हा आवडत नसेल तर महिन्याभरात बिल आणून पूर्ण रक्कम घेऊन जा, घट-मजुरी कापणार नाही.

एक घाईचं. पेंडंटची कडी मोठी करायला घराजवळच्या सोनाराकडे देणार आहात असं तुम्ही लिहिलंय. ठेवायचं ठरलं तर द्या, पण झाळण्याआधी दगड कोंदणातून काढायला सांगा. ज्योतीच्या धगीने तडा जाऊ शकतो, आणि झाळल्यावर दागिना उजळायला आम्लात टाकतात, ते जेडाइटला चालत नाही. वाफेने किंवा अल्ट्रासॉनिक मशिनमध्ये धुणंही नको. कोमट पाणी, दोन थेंब सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. आमच्याकडे कडी बदलून मिळेल, मजुरी लागणार नाही.

येताना कडंही आणा. काटा आणि भिंग दोन्ही काउंटरवरच आहेत.