शेवटची ओळ खोडली तेव्हा

शनिवार-रविवार नागपूरच्या धंतोलीतल्या एका लहानशा सभागृहात फक्त अलक ऐकल्या. अलक म्हणजे अति लघुकथा. इथे मर्यादा होती शंभर शब्दांची.

पहिल्या दिवशी चाळीसेक जणांनी वाचलं. एक कथा संपते न संपते तोच टाळ्या आणि पुढचं नाव. त्यात निम्म्या कथा शेवटच्या धक्क्यावर उभ्या. फोनवर बोलणारा आधीच मेलेला निघतो, असल्या. धक्का एकदाच बसतो. दुसऱ्यांदा वाचावीशी वाटत नाही ती अलक माझ्या मते फसलेली.

मग वणीकडच्या एका बाई उठल्या. कापूस विकून बाप घरी येतो. पोरगी विचारते, "बाबा, कापसाचे किती भेटले?" बाप म्हणतो, "तुह्या चपलेचा नंबर कोणता वं?" संपली कथा! बाहेर तर्री-पोहे खाताना आमचा वादच झाला. पैसे मिळाले म्हणून विचारलं, की आकडा सांगवेना म्हणून? मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि कथा डोक्यातून जात नाही.

एका वक्त्यांनी बाळाच्या न वापरलेल्या बुटांची सहा शब्दांची कथा हेमिंग्वेची म्हणून सांगितली. ती हेमिंग्वेंनी लिहिल्याचा पुरावा नाही. लहान कथेचा दाखला हवाच तर ग्वाटेमालाच्या आउगुस्तो मोंतेरोसो यांची डायनोसॉरची कथा आहे, १९५९ची, मूळ स्पॅनिशमध्ये सात शब्दांची. जाग आली तेव्हा डायनोसॉर 'अजून' तिथेच होता म्हणे. त्या एका 'अजून'मध्ये आधीची सगळी गोष्ट आहे.

आपण वि. स. खांडेकरांच्या रूपककथा वाचत वाढलो. रूपककथेला तात्पर्य शोभतं. पण तीच सवय अलक लिहिताना हात धरते, शेवटी काहीतरी समजावून सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

माझंही तेच झालं होतं. माझ्या कथेतली आजी कूलरमध्ये पाणी टाकायचं काम कुणालाच करू देत नाही. ती गेल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात दुपारी तीनला कूलर गरम हवा फेकायला लागतो. त्यापुढे मी लिहिलं होतं, 'घर थंड कोण ठेवत होतं ते आज कळलं.' दुसऱ्या दिवशी कार्यशाळेत शिकवणाऱ्या ताईंनी त्या ओळीवर नुसतं बोट ठेवलं. खोडताना जिवावर आलं. सगळ्यात आवडती ओळ होती माझी.

रात्री आईला वाचून दाखवली. ती काहीच बोलली नाही. उठली आणि कूलरमध्ये पाणी टाकून आली.