‘आधी शास्त्र नीट वाचा’ म्हणणाऱ्या वाचकांस

नमस्कार. विश्वास आणि सत्कर्मे या माझ्या लेखावर आपण लिहिलेत: “लेखक रोमच्या वाटेला लागलेले दिसतात. इफिसकरांस पत्र, अध्याय 2, वचने 8 आणि 9 एवढी पुरेशी आहेत. आधी शास्त्र नीट वाचा, मग लिहा.” म्हणजे मी रोमच्या, अर्थात कॅथलिक मताकडे झुकलो, असा आरोप. शिवाय येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेला चोर, अब्राहाम, कॅथलिक मंडळीची सोळाव्या शतकातली ट्रेंटची परिषद, आणि जाता जाता माझ्या बाप्तिस्म्यावर एक टोमणा.

मतभेदाचे मला वावडे नाही. पण हा सूर कशासाठी? माझे आजोबा पाळक होते. घरी रोज संध्याकाळी शास्त्रवाचन चाले, आणि त्या वचनांतली ‘कृपेनेच, विश्वासाच्या द्वारे’ ही ओळ मला मुळाक्षरांच्या आधी पाठ झाली. ती मला कोणी नव्याने दाखवायला नको.

आता त्या वचनांविषयी. तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने विश्वासाच्या द्वारे होते, कर्मांनी नव्हे, असे ती सांगतात. आपण 9 व्या वचनावर थांबलात. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल थांबला नाही. 10 व्या वचनात तो लगेच म्हणतो की ख्रिस्त येशूमध्ये आपली निर्मिती सत्कर्मांसाठी झाली आणि ती देवाने आधीच योजून ठेवली आहेत. म्हणजे सत्कर्मे ही तारणाची किंमत नव्हेत, पण तारण झालेल्या माणसाने करायचे काय, हे त्यांतूनच ठरते. माझ्या लेखात याहून वेगळे काय होते? ‘कर्मांनी तारण कमावता येते’ असे एक तरी वाक्य त्यात दाखवा. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रातही पौल प्रीतीच्या द्वारे कार्य करणाऱ्या विश्वासाचीच महती सांगतो. आणि रोमपासून फुटून निघालेला धर्मसुधारक लूथर? पौलाच्या रोमकरांस पत्राला लिहिलेल्या प्रस्तावनेत तो म्हणतो की खरा विश्वास सत्कर्मे करावीत का, असे विचारत बसत नाही. विचारण्याआधीच तो कामाला लागलेला असतो. तोही रोमच्या वाटेला लागला होता म्हणायचे का?

हे मी नुसते वाचून बोलत नाही. आमच्या मंडळीत एक गृहस्थ होते. आपल्या विश्वासाची साक्ष द्यायला उभे राहिले की ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावत. त्यांनीच विधवा भावजयीचा वाटा दाबून ठेवला होता. कोणी विषय काढला की उत्तर ठरलेले: माझे तारण कर्मांवर नाही. क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे, हे नव्या करारातल्या याकोबाने आपल्या पत्रात कोणासाठी लिहिले ते मला तिथे कळले. तुम्हाला असे कोणी भेटले नसेल, तर नशीबवान आहात.

चोराचा मुद्दा वजनदार आहे, मान्य. त्याच्या हातून काही घडण्याइतका वेळच नव्हता, तरी येशूने त्याला सुखलोकाचे वचन दिले. पण ज्याच्यापुढे अख्खे आयुष्य पडले आहे, त्याने त्या चोराचा दाखला देऊन हात बांधून बसावे, हे मला पटत नाही.

अब्राहामाबद्दल एवढेच: तो विश्वासाने नीतिमान, म्हणजे देवापुढे निर्दोष, ठरला असे म्हणताना पौल उत्पत्तीच्या 15 व्या अध्यायापाशी उभा आहे, जिथे अब्राहाम देवाच्या शब्दावर विश्वास ठेवतो; क्रियांनी ठरला असे म्हणताना याकोब 22 व्या अध्यायापाशी, जिथे तो मुलगा इसहाकाला वेदीवर ठेवतो. माणूस एकच. ट्रेंटचे नाव घ्यायचे तर नीतिमान ठरण्याविषयीच्या त्या परिषदेच्या 1547 च्या निर्णयातला पहिलाच नियम पाहा. कृपेवाचून स्वतःच्या कर्मांनी नीतिमान ठरता येते, असे म्हणणाऱ्याला तो शापित ठरवतो. 1999 मध्ये जर्मनीत आउग्सबुर्ग येथे लूथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी याच विषयावरच्या संयुक्त घोषणेवर सह्याही केल्या. बातमी तुमच्यापर्यंत पोचलेली दिसत नाही.

बाप्तिस्म्यावरच्या टोमण्याचा लेखाशी काही संबंध नाही. तो सोडून देतो.