दुसऱ्याचा पश्चात्ताप तपासण्याची रीत

स्वतःच्या पापांचा पश्चात्ताप करणे हे कष्टाचे आणि एकाकी काम आहे. त्यात झोप उडते, जुन्या गोष्टी उकरून निघतात आणि इतके करून हाती काय लागते, तर आपल्याला जे मिळाले ते फुकट मिळाले, ही थोडी अवघडवून टाकणारी जाणीव. त्यापेक्षा दुसऱ्याचा पश्चात्ताप तपासणे सोपे, शिवाय ते बसल्या जागी, डोळे अर्धवट मिटूनही करता येते. नव्याने या कामाला लागणाऱ्यांसाठी, नुकत्याच घेतलेल्या अनुभवातून, काही सूचना देत आहे.

तुलनेसाठी माणूस नीट निवडावा. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी, या बाबतीत आपला गुरू आहे. नियमशास्त्राने वर्षातून एकच, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपास सांगितला होता. हा गृहस्थ आठवड्यातून दोन करीत असे, म्हणजे वर्षाकाठी शंभराहून अधिक. एवढे भांडवल असूनही त्याने प्रार्थनेत तुलनेला शेजारी उभा कोणाला केला, तर लोक ज्याला पापी समजत त्या जकातदाराला. तो जकातदारच पापमुक्त ठरून घरी गेला, हा पुढचा तपशील वाचताना जरा घाई करावी.

तुलनेसाठी ख्रिस्ताला कधीही निवडू नये.

अश्रूंवर लक्ष ठेवावे. ज्याला आपण पश्चात्ताप म्हणतो, त्याचा मूळ ग्रीक शब्द 'मेटानोइया'. त्याचा अर्थ मन पालटणे. मन काही दिसत नाही, तेव्हा डोळेच पाहावेत. पाणी आले तर नाटक म्हणावे आणि न आले तर मन कठीण आहे म्हणावे.

चर्चच्या मंडळीपुढे साक्ष देताना, म्हणजे देवाने आपल्याला कसे पालटले ते सांगताना, स्वतःची पापे किमान वीस वर्षांपूर्वीची असावीत.

कृपेचा, म्हणजे देवाच्या फुकट क्षमेचा, उल्लेख आवर्जून करावा, मात्र त्यापुढे लगेच 'पण' ठेवावा. 'कृपा आहेच, पण' असा आरंभ केला की पुढे काहीही बोलण्याची मुभा मिळते.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. दुसऱ्याची कबुली चारजणांत पोहोचवायची असेल, तर तिला प्रार्थनाविनंती म्हणावे. मागच्या बुधवारच्या प्रार्थनासभेत मी पाचसहा वाक्ये बोललो. धाकट्या भावाशी तीन वर्षे मी बोललेलो नाही, आईच्या दफनाच्या वेळीही कबरेपाशी त्याच्याकडे पाठ करून उभा राहिलो, आणि यात चूक माझी होती, एवढेच. सभा संपल्यावर मंडळीतल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी हातातले बायबल मिटले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आम्हा भावंडांत असं कधी झालं नाही, देवाची स्तुती असो. पण तुमच्यासाठी मी भार घेऊन प्रार्थना करीन." भार त्यांनी घेतला तो बहुधा फार जड असावा, कारण रात्र संपण्याआधीच त्यांनी तो निम्म्या मंडळीत वाटून टाकला. शुक्रवारी मला अशा माणसाचा फोन आला, ज्याचा आवाज मी दोन वर्षांत ऐकलेला नव्हता. तो 'तुमच्या घरावरील सैतानाच्या हल्ल्याविषयी' अत्यंत कळवळ्याने चौकशी करीत होता आणि मध्येच, केवळ नेमकी प्रार्थना करता यावी म्हणून, वाद जमिनीचा होता का, असे विचारीत होता. शनिवारी धीर करून मी भावाला फोन लावला. त्याला सारे आधीच कळलेले होते. तो शांतपणे म्हणाला, "दादा, हे आधी मला सांगायचं होतं की सभेला?" आणि त्याने फोन ठेवला.

त्याचे म्हणणे खरे आहे. वेदीपाशी अर्पण तसेच ठेवून आधी भावाशी समेट कर, असे प्रभू येशूने डोंगरावरच्या प्रवचनात स्पष्ट सांगितले आहे. मी उलट्या क्रमाने निघालो. तो दोष माझा, त्याचा हिशेब मी देवापाशी देईन. पण मला शनिवारपर्यंतचा तीन दिवसांचा अवकाश तरी मिळायला हवा होता की नाही?

सूचनांकडे परत येतो. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात मोशे नावाचा एक संन्यासी होता, पूर्वीचा दरोडेखोर. एका बंधूच्या अपराधाचा निवाडा करायला त्याला बोलावले, तेव्हा तो पाठीवर गळके भांडे घेऊन आला आणि म्हणाला की माझी पापे माझ्यामागे अशी सांडत आहेत, मला ती दिसत नाहीत, आणि मी दुसऱ्याचा न्याय करायला आलो आहे. अशा माणसाला कोणत्याही समितीवर घेऊ नये. काम पुढे सरकत नाही.

नाही, हा सूर आता मला पेलत नाही. सरळच बोलतो. तुम्हाला येशूच्या दाखल्यातल्या, राजाने कर्ज माफ केलेल्या त्या दासाची ओळख आहे, त्यावर तुम्ही प्रवचने ऐकली आहेत, कदाचित दिलीही आहेत. त्याचे देणे दहा हजार तालांतांचे होते. एक तालांत सुमारे सहा हजार दीनारांचा आणि एक दीनार ही दिवसाची मजुरी, म्हणजे सहा कोटी दिवसांचे काम त्याला माफ झाले. आणि बाहेर पडताच त्याने शंभर दीनारांसाठी सोबत्याची नरडी धरली. तुम्ही नरडी धरत नाही, खांद्यावर हात ठेवता, फरक तेवढाच. माझे पाप तुमच्याहून मोठे असेलही. ते तुम्हाला कोणी मोजायला सांगितले? येशूचा शिष्य पेत्र याने सोबतचा शिष्य योहान याच्याकडे बोट दाखवून 'प्रभूजी, ह्याचे काय?' असे विचारले, तेव्हा त्यालाही 'तुला त्याचे काय? तू माझ्यामागे ये' असेच उत्तर मिळाले, आणि तो तर प्रेषित होता. माणूस मोठ्या कष्टाने तोंड उघडतो, त्याचे शब्द तुम्ही चहाच्या पेल्याबरोबर फिरवता आणि मग मंडळीत कोणी मोकळेपणाने बोलत नाही म्हणून हळहळता. कोण बोलेल तुमच्यासमोर? प्रार्थना करायची असेल तर दार लावून करा आणि ती केल्याचे कोणालाही, मलासुद्धा, सांगू नका.

भाऊ अजून फोन उचलत नाही. येत्या बुधवारी 'मग, काय झाले?' असे मला विचारू नका.