नोकरी गेली की कॉलेजात नाव घाला: या सल्ल्यात खरे किती?

वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यातील गावांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: ‘अमेरिकेत एच-1बी व्हिसावर असलेल्या मुलाची नोकरी गेली तर घाबरू नका. 60 दिवसांत कोणत्याही कॉलेजात प्रवेश घेऊन अर्ज टाकला की तो आपोआप विद्यार्थी होतो, पहिल्या दिवसापासून काम करू शकतो आणि पुढे नोकरी मिळाली की पुन्हा लॉटरीत नाव घालता येते.’ (एच-1बी हा मालकाच्या अर्जावर परदेशी कुशल कर्मचाऱ्याला मिळणारा कामाचा व्हिसा; त्याच्या मर्यादित वार्षिक जागांसाठी निघणारी सोडत म्हणजे लॉटरी.) हा संदेश वाचून आईवडील बगीच्याचा सात-बारा घेऊन बँकेत जाण्याचा विचार करतात, म्हणून त्यातील एकेक विधान तपासणे मला गरजेचे वाटते.

नोकरी गेल्यावर अमेरिकेत थांबण्यासाठीची 60 दिवसांची मुदत खरी आहे. 2017 पासून ती नियमातच आहे. मात्र ती सर्वसाधारणपणे ज्या दिवसापर्यंतचा पगार मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजली जाते, आणि आय-94 ची (अमेरिकेत किती तारखेपर्यंत राहता येईल हे सांगणाऱ्या नोंदीची) तारीख त्याआधी संपत असेल तर मुदतही तिथेच संपते.

‘आपोआप विद्यार्थी होतो’ हे विधान सर्वांत घातक आहे. मुदतीत आय-539 हा दर्जा बदलण्याचा अर्ज दाखल केल्यास निर्णय होईपर्यंत तिथे थांबता येते, परंतु विद्यार्थ्याचा दर्जा मंजुरीनंतरच मिळतो. निर्णयाला महिने लागू शकतात, आणि तोवर वर्ग सुरू होण्याची तारीख उलटली तर कॉलेजकडून ती पुढे ढकलून घ्यावी लागते. दरम्यान मुलगा बहिणीच्या लग्नासाठी गावी आला, तर अर्ज सोडून दिला असे मानले जाते आणि परतण्यासाठी मुंबईच्या वकिलातीतून नवा व्हिसा घ्यावा लागतो. अर्ज नाकारला गेला आणि त्यानंतर तो 180 दिवसांहून अधिक काळ तिथे राहिला, तर देश सोडल्यावर तीन वर्षे, आणि एक वर्ष किंवा त्याहून अधिक राहिला तर दहा वर्षे प्रवेशबंदी लागू होते.

‘कोणतेही कॉलेज’ हेही खरे नाही. परदेशी विद्यार्थी घेण्याची सरकारी मान्यता असलेल्या संस्थेचेच आय-20 (विद्यार्थी म्हणून प्रवेश दिल्याचे अधिकृत प्रमाणपत्र) चालते, आणि ते मिळण्यासाठी पहिल्या वर्षाची फी व राहण्याचा खर्च भागेल एवढा हाती येणारा पैसा दाखवावा लागतो. जमीन कितीही मोलाची असली तरी ती अशी रोकड नव्हे. त्यामुळे भार बँकेतील ठेवीवर किंवा मंजूर कर्जावर येतो, आणि संत्र्याच्या आंबिया बहाराच्या भरवशावर चालणाऱ्या घराने हे कर्ज कशासाठी काढायचे आहे ते आधी नीट विचारून घ्यावे.

कामाबाबतचा दावा तर उघड दिशाभूल आहे. अर्ज प्रलंबित असताना काम करता येत नाही. मंजुरीनंतरही पहिल्या शैक्षणिक वर्षात साधारणतः कॉलेजच्या आवारातच, सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करता येते. पहिल्या दिवसापासून बाहेर काम देऊ करणारे काही पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत, परंतु ती सवलत फक्त अभ्यासक्रमाचाच आवश्यक भाग म्हणून तसे काम लागत असेल तर आहे, आणि पुढच्या अर्जाच्या वेळी त्यावर कसून चौकशी होऊ शकते. शिवाय पदवीनंतरची 12 महिन्यांची कामाची परवानगी प्रत्येक शैक्षणिक स्तराला एकदाच मिळते. पहिल्या एमएसवर ती वापरली असेल, तर दुसऱ्या एमएसने ती पुन्हा मिळत नाही.

लॉटरीचा मुद्दाही चुकीचा आहे. वार्षिक कोट्यात ज्याची एकदा गणना झाली, त्याची एच-1बीच्या सहा वर्षांपैकी काही मुदत शिल्लक असेल तर नव्या मालकाच्या याचिकेसाठी (मालकाने सरकारकडे करायच्या अर्जासाठी) त्याला सहसा पुन्हा लॉटरीत जावे लागत नाही. संदेशात नेमका हाच मार्ग सांगितलेला नाही: 60 दिवसांत नव्या मालकाने याचिका दाखल केली, तर ती मंजूर होण्याची वाट न पाहता, दाखल होताच काम सुरू करता येते. म्हणून फी भरण्याआधी त्या मुलाने ते साठ दिवस नव्या मालकाच्या शोधात घालवावेत, आणि एच-1बीची मुदत संपण्याआधीच कामावरून काढले असेल, तर मायदेशी परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च जुन्या मालकाकडून मागावा, कारण तो देणे मालकावर बंधनकारक आहे.